अग्रिप्पाचा मंत्र

“मग्रिप्पा लफकोस!” महाराज माईकवर गरजले.

“तर्तिव्हम फेसित!” माळावरच्या सगळ्या गर्दीनं हात वर करून साथ दिली.

बोडीटोल्याच्या माळावर त्या दिवशी एवढी माणसं जमली होती, की गोरेगावचा आठवडी बाजार ओस पडल्याची तक्रार कांदेवाल्यांनी नक्की केली असती. पण कांदेवालेही इथंच होते. मोटारसायकली धानाच्या रिकाम्या खाचरांमध्ये लावलेल्या होत्या. एसटीच्या ड्रायव्हरनं थांबा नसताना गाडी थांबवली, उतरून पाया पडून आला, आणि तोवर एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही. असा चमत्कार तर खुद्द महाराजांनाही जमला नसता.

माळाच्या मधोमध देऊळ होतं, पांढरंशुभ्र. पुढे आठ जाडजूड खांब, त्यांच्यावर त्रिकोणी कपाळ, कपाळाखाली सोनेरी इंग्रजी अक्षरांची ओळ. आत गोल गाभारा. वर अर्धगोल घुमट, घुमटाला आतून चौकोनी खण, आणि अगदी टोकाला एक मोठं गोल भोक. या भोकाचं नाव ‘सूर्यनेत्र’.

शालीकराम मास्तर मान वर करून ते नेत्र बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला होता. आता निवृत्त झाले होते. पण शिकवणं निवृत्त झालं नव्हतं.

“का गा मास्तर, कसं वाटते?” शेजारी उभ्या असलेल्या भैयालालनं विचारलं. त्याच्याच मोटारसायकलवर ते आले होते.

“ओळखीचं वाटते.”

“पह्यले आला होतास?”

“मी नाई आलो, तेच आलं. हे देऊळ रोमचं आहे.”

“रोमचं? मंग इथं कसं आलं?”

“ट्रॅक्टरनं,” मास्तर म्हणाले.

ते खोटंही नव्हतं. महाराज म्हणजे उमेंद्र. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. दुर्गोत्सवात कुठल्याही मंडळानं देवळाचा फोटो आणून द्यायचा, आणि उमेंद्रनं लोखंडी सळया, जाळी, प्लास्टर, थर्माकोल लावून ते देऊळ चौकात उभं करायचं. त्याच्या हातात कला होती, यात वाद नाही. फोटोत जे असेल ते तो हुबेहूब करी. फोटोत कळसावर कावळा बसलेला असेल, तर त्याच्याही कळसावर कावळा बसे. तो का बसला, हे विचारण्याची त्याची पद्धत नव्हती. एका मंडळानं कुठून तरी रोमच्या देवळाचे फोटो आणले आणि मग पैशांच्या वादात काम सोडून दिलं. सांगाडा उमेंद्रच्या अंगावर पडला. त्यानं तो ट्रॅक्टरवर घालून माळावर आणला, पक्का केला, दाढी वाढवली, आणि स्वप्नात सूर्यदेवानं नकाशा दिल्याचं जाहीर केलं.

गाभाऱ्याच्या जमिनीत मधोमध काही बारीक भोकं होती. बाया त्यांत लोटीनं दूध ओतत होत्या.

“नागछिद्रं हायत,” एका स्वयंसेवकानं सांगितलं. “सीधा पाताल तक जाते है.”

मास्तर देवळाला वळसा घालून मागे गेले. तिथं पाताळ एका प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर येत होतं, आणि गावातली कुत्री ते चाटून चांगली धष्टपुष्ट झाली होती. मास्तरांना इतकं हसू आलं, की भैयालालला त्यांना धरून आणावं लागलं.

पण परत येईपर्यंत महाराजांनी विषय बदलला होता.

“सिकलसेल म्हणजे काय?” ते माईकवर विचारत होते. “डॉक्टर म्हणतेत, रक्तातली पेशी वाकडी झाली, विळ्यासारखी. बरोबर! पण वाकडी काऊन झाली? कारण तिच्यावर उजेड तिरपा पडला! मे महिन्याच्या शेवटाले सूर्य आपल्या डोक्यावर सीधा येणार आहे. माझ्या शब्दावर येणार आहे! या नेत्रातून उतरून मधोमध बसणार. त्या उजेडात ज्याची पेशी बसली, ती सीधी झाली! फक्त दोन नियम. त्याआधी गोळ्या बंद. आणि त्या दिवशी सकाळपासून निर्जळ. पाण्याचा एक थेंब नाई!”

मास्तरांचं हसू तिथंच थांबायला हवं होतं. त्यांची नात दामिनी सिकलसेलची पेशंट होती. पण मास्तर हसण्याच्या भरात होते. आणि असल्या गोष्टींवर आपल्या घरातलं कोणी विश्वास ठेवेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. मुलगी रचना चुलीपाशी भाताचं पाणी काढत होती. तिचा नवरा तिरोड्याला कामावर. दामिनीला वरचेवर गोंदियाच्या दवाखान्यात न्यावं लागे, म्हणून ती लेकीला घेऊन माहेरीच राहत होती. दामिनी खाटेवर पाय चोळत बसली होती. दर थोड्या दिवसांनी तिचे हात-पाय असे दुखायचे, की पोरगी उशी तोंडात धरून पडायची.

“त्या मंत्राचा अर्थ माहीत आहे का तुले?” मास्तर म्हणाले. “उमेंद्रनं खांबांवरचे अक्षरं सलग वाचले, झाला मंत्र. तेच अक्षरं रोमच्या देवळावर कोरले आहेत. ‘मार्कुस अग्रिप्पा, लुसियसचा मुलगा, तिसऱ्यांदा कॉन्सुल, म्हणजे तिथला मोठा कारभारी, असताना यानं हे बांधलं.’ बस! कोनशिला आहे ते! आपल्याकडं पुलावर लिहितेत ना, अमुक साहेबांच्या निधीतून? आता हजार-दोन हजार लोक हात जोडून तेच म्हणून राहिले. ‘साहेबांच्या निधीतून! साहेबांच्या निधीतून!’”

दामिनी खुदकन हसली. मास्तरांना चेव आला.

“आणि गंमत पाय, ते बी खोटं आहे. अग्रिप्पाचं देऊळ तर जळून गेलं होतं. आज उभं आहे ते मागून हॅड्रियन बादशहाच्या काळात पूर्ण झालं. पण त्यानं पाटी जुनीच ठेवली. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव टाकणारे तर रोज दिसतेत. आपल्या कामावर दुसऱ्याचं नाव टाकणारा पुढारी पुन्हा झाला नाई.”

“आजोबा, ते पडलं नाई का मंग इतक्या वर्षांत?” दामिनीनं विचारलं.

“नाई ना! लोखंडाची एक सळई नाई त्याच्यात. चुना, ज्वालामुखीची राख आन् दगडाची खडी. खाली जड दगड घातला. वर वर जाताना हलका हलका. टोकाजवळ तर पाण्यावर तरंगणारा दगड! छताले चौकोनी खण पाडले, तेबी वजन कमी कराले. आत एक अख्खा गोल चेंडू मावेल, असं माप आहे. पुढं त्या लोकांनी देव बदलले, देवळाचं चर्च केलं, पण छप्पर तेच ठेवलं, म्हणून ते वाचलं. वरचं भोक उजेडासाठी. भोकातून पाऊस बी येते. ते पाणी जावं म्हणून फरशी मधात थोडी उंच केली आणि बारीक भोकं पाडली. आपल्या उमेंद्रनं फोटोत भोकं पाहिली, भोकं पाडली. कायची ते माहीत नाई. झाली नागछिद्रं! पावसाच्या मोरीत दूध ओतून राहिले लोक!”

रचनानं भाताचं भांडं उतरवलं. “पण बाबूजी, उजेड मधात पडते ना?”

“पडणारच. भूगोल आहे तो! आपलं गाव कर्कवृत्ताच्या खाली आहे. वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येते. शून्य सावलीचा दिवस म्हणतेत त्याले. पेपरात दरवर्षी बातमी येते. रोम किती वर आहे! तिथं सूर्य डोक्यावर कधी येतच नाई. तिथं एप्रिलमध्ये एक दिवस उजेड दारावर पडते. बादशहा त्या उजेडातून आत येत असावा, असं काही लोक म्हणतेत. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांत रोमले जे जमलं नाई, ते बोडीटोल्यात जमणार! उमेंद्रले भारतरत्न द्या म्हणावं!”

“मंग पडते तर,” रचना हळूच म्हणाली.

“पडते. माह्या टकलावर बी पडते. माह्या पेशी सीध्या झाल्या का?”

रचना गप्प बसली. मास्तरांना वाटलं, तिला पटलं. वर्गातही ते जन्मभर हीच चूक करत आले होते; पोरं गप्प बसली, की धडा समजला असं धरून पुढे जायचे.

त्यांना दिसलं नाही ते एवढंच, की दामिनीनं आईकडे पाहून नुसत्या डोळ्यांनी ‘जायचं?’ असं विचारलं होतं, आणि आईनं होकाराची मान हलवली होती.

मे महिना संपत आला. महाराजांनी सांगितलेल्या दिवशी सकाळी मास्तर गोरेगावला गेले आणि ऊन तापल्यावर परतले. घरात कोणी नव्हतं. खुंटीवर दामिनीची निळी पाण्याची बाटली लटकत होती. मास्तर तिच्याकडे पाहतच राहिले. ही बाटली पोरगी अंगणात जातानाही सोडत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी पहिल्याच दिवशी ती तिच्या गळ्यात अडकवली होती.

त्यांनी बाटली काढून घेतली. बाहेर भैयालाल मोटारसायकल पुसत होता.

“रचनाले तर मी माळावरच पाह्यलो ना आत्ता,” तो म्हणाला. “पोरीले मांडीवर घेऊन पुढं बसली होती. मले वाटलं, तूच पाठवलास.”

“चाल,” मास्तर म्हणाले. वाटेत ते एकही विनोद बोलले नाहीत. भैयालालनं नंतर सांगितलं, की त्याला भीती वाटली ती तेव्हाच.

देवळाच्या दाराशी स्वयंसेवकांची भिंत उभी होती. आत काळोख होता, कारण सूर्यनेत्रावर आतून झाकण ओढलेलं होतं. ढीगभर धूप जळत होता. मधोमध पाट मांडून आजारी पोरं बसवलेली, त्यांत दामिनी. तिच्यामागे रचना, हात जोडून.

“रचना!” मास्तर दारातून ओरडले. “पोरीले पाणी पाजलंस का?”

तिनं वळून पाहिलं आणि मान खाली घातली.

मग मास्तरांचं भान सुटलं. त्यांनी तिथंच उभं राहून सगळं सांगायला सुरुवात केली. अग्रिप्पा, कोनशिला, फरशीतली मोरी, कर्कवृत्त. प्रत्येक शब्द खरा होता आणि एकही उपयोगाचा नव्हता.

“मास्तर!” माईकवरून मऊ आवाज आला. “तुमचा सूर्य पुस्तकात. माझा डोक्यावर. बोला, कोणाचा मोठा?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. “बुढाऊ, घर जा!” कोणीतरी म्हणालं. “सोताची नात मरून राहिली अन् याले रोम सुचते!” दोन पोरांनी मास्तरांना काखेत धरून उचललं आणि मागच्या आवारात, स्वयंपाकाच्या चुलीजवळ नेऊन सोडलं.

तिथं नंदाबाई होती. विधी संपल्यावर पोरांना द्यायच्या पाण्यानं भरलेल्या बादल्यांची राखण करत होती. ती महाराजांची जुनी भक्त. तिनं मास्तरांकडे तुच्छतेनं पाहिलं.

तेवढ्यात आतून एकच गर्जना उठली. झाकण सरकलं होतं. धुपाच्या धुरातून उजेडाचा खांब उतरला होता.

“आला! सूर्य आला आत!” नंदाबाईनं हात जोडले. डोळे भरून आले तिचे. “तुम्ही बाहेर राहिले, तुमचं नशीब.”

मास्तर उत्तर देणार होते. त्यांच्या जिभेवर एक चांगला टोमणाही आला होता. त्यांनी तो गिळला.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या बादलीची सावली कुठं आहे?”

“का?”

“सावली. पाहा ना.”

नंदाबाईनं पाहिलं. बादली भर उन्हात उभी होती आणि तिच्या कुठल्याच बाजूला सावली नव्हती. तिनं शेजारी रोवलेल्या मंडपाच्या लाकडी बल्लीकडे पाहिलं. बल्लीला सावली नव्हती. चुलीजवळ उभं करून ठेवलेल्या मुसळाला नव्हती. तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. तिची सावली तिच्याच पायांखाली गोळा होऊन बसली होती. मग तिची नजर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या संडासावर गेली. त्याच्या चारही भिंतींवर सूर्य सारखाच कृपा करत होता.

“हे तं… इथं बी आलं,” ती म्हणाली.

“सगळ्याइकडं आलं. गोरेगावात आलं, तिरोड्यात आलं, नागझिऱ्याच्या जंगलातल्या वाघावर बी आलं असंल. महाराजाले विचारून नाई आलं. बाई, माही नात आत आहे. तिले पाणी पाहिजे. दुसरं मले काही नाई पाहिजे.”

आतून एका लेकराची किंकाळी आली.

नंदाबाईनं बादली उचलली, कमरेची किल्ली काढली आणि मागचं दार उघडलं.

दामिनी पाटावरून लवंडली होती. मांडी दोन्ही हातांनी दाबून ती किंचाळत होती, आणि वरून तो गोल, पांढरा, जळता उजेड तिच्या अंगावर पडला होता.

“दुखते? दुखलंच पाहिजे!” महाराज सांगत होते. “वाकडा खिळा सीधा करताना ठोकावा लागते का नाई? पेशी सीधी होऊन राहिली! कोणी हात लावू नका!”

“मग्रिप्पा लफकोस!” लोक ओरडले.

“आई… पाणी,” दामिनी म्हणाली.

“एक थेंब गेला, तर सगळं वाया! सूर्य माझ्या शब्दावर थांबला आहे!”

आणि सूर्य गेला.

एकदम, दिवा मालवावा तसा. गाभाऱ्यात मिट्ट काळोख झाला. मंत्र म्हणणारी तोंडं उघडीच राहिली. सगळ्यांनी वर पाहिलं, मग हळूहळू मागच्या भिंतीकडे. उघड्या दारातून येणाऱ्या उजेडात तिथं नंदाबाई उभी होती. तिच्या हातात एक दोर होता, आणि तो दोर कप्पीवरून थेट सूर्यनेत्राच्या झाकणापर्यंत गेला होता.

“कोण बंद केलं?” महाराजांचा आवाज चिरकला. “दोरावर बसवलेला गुड्डू कुठं आहे?”

“गुड्डू तुमचा चमत्कार पाहाले पुढं गेला,” नंदाबाई म्हणाली. “मी केलं बंद. पोरीले ऊन लागून राहिलं.”

कोणीच हसलं नाही.

“मी समजत होती, कबुतरं येऊ नोको म्हणून हे झाकण आहे,” ती पुढे म्हणाली. दोर तिनं पुन्हा ओढला, उजेड आला. सोडला; उजेड गेला. “महाराज, हे तं मले बी जमते.”

मास्तर तोवर मागच्याच दारातून आत येऊन रचनाजवळ गुडघे टेकून बसले होते. त्यांच्या हातात निळी बाटली होती, पण त्यांनी ती पुढे केली नाही.

“बेटा, मी हसलो. हसायचं नव्हतं. तू घाबरली होतीस, ते मले दिसलं नाई. आता मी काही शिकवत नाई. डॉक्टरीण बाईनं काय सांगितलं होतं, ते तूच सांग.”

“पाणी… भरपूर पाणी पाजायचं,” रचना म्हणाली, पाठ केलेलं आठवावं तशी. “उन्हात न्यायचं नाई. गोळी… गोळी एक दिवस बी चुकवायची नाई. पाणी कमी पडलं, तं पेशी अजून वाकड्या होतेत, आन् रक्तात अडकतेत.” शेवटचं वाक्य तिनं स्वतःच ऐकलं. ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं असं नाही. पण ऐकलं तिनं आत्ता.

तिनं बाटली हिसकावून घेतली.

गर्दी आपोआप बाजूला झाली. रचना पोरीला छातीशी धरून बाहेर धावली. तिच्यामागून आणखी एक बाई आपलं लेकरू उचलून निघाली, मग आणखी एक. पुष्कळशा मात्र तिथंच बसून राहिल्या. दोर डोळ्यांनी पाहूनही बसून राहिल्या. मास्तरांना त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्यांची.

एकशे आठची रुग्णवाहिका माळापर्यंत यायला वेळ लागला. गोंदियाच्या दवाखान्यात दामिनीला सलाईन लागलं, रक्त चढलं, ऑक्सिजन लागला. कितीतरी तास ती कोणाला ओळखत नव्हती. वाचली. पण कमरेच्या हाडाला रक्त नीट पोचलं नव्हतं. ती आता थोडी लंगडते. आधी लंगडत नव्हती.

रचनानं पोलीस ठाण्यात तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, उमेंद्र काही दिवस आत राहिला, जामिनावर सुटला. खटला चालू आहे. माळावर पूर्वीइतकी गर्दी नसते, पण असते. “ती पोरगी पाणी प्यायली, म्हणून तिले फळ नाई भेटलं,” असं तिथं सांगितलं जातं, आणि ऐकणारे मान डोलावतात.

मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांना पुन्हा माळावर जाऊन भाषण ठोकायचं होतं. रचना म्हणाली, “तुम्ही राहू द्या, बाबूजी.”

ती आता दर वेळी दवाखान्यात गेली, की सिकलसेलच्या रांगेत लवकर जाऊन बसते. एकदा शेजारी एक तरुण बाई आली. मांडीवर पोरगा, डोळ्यांखाली काळं. बोलता बोलता तिनं आवाज खाली आणला.

“माळावरचे महाराज सीधं करतेत म्हणे. गोळ्यांनी तं नुसतं चालूच राहते. नेऊ का मी याले?”

रचना हसली नाही. रागावलीही नाही. पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“मी नेली होती,” ती म्हणाली. “नेऊ वाटते, मले माहीत आहे. रात्रभर लेकरू रडते, मंग माणूस कोणाच्या बी दारात जाते. तुले जायचंच असंल, तं मी हात धरून अडवणार नाई. पण जाशीन, तं त्याले एक गोष्ट विचार.”

“काय विचारू?”

“म्हणावं, महाराज, तुमचा सूर्य एवढा मोठा, तं त्याले माह्या पोराच्या एका गोळीची भीती काऊन वाटते? गोळी बी चालू ठेवतो, पाणी बी पाजतो, वरून तुमचा मंत्र बी म्हणतो. चालंल का? डॉक्टरीण बाईले मी मागून विचारलं होतं, देवाचं केलं तं चालते का. ते म्हणाली, देवाचं करा काय करायचं ते, फक्त गोळी थांबवू नका. तिनं देवाले नाई अडवलं. मंग हे औषधाले काऊन अडवतेत?”

बाईनं मांडीवरच्या पोराला सावरलं. पोरगा झोपेत कण्हला.

“माह्या बापाले सगळं माहीत होतं,” रचना म्हणाली. “मी बी शिकलेली आहे. पण हे एवढं मी विचारलं नाई. भीती वाटली, की विचारलं तं देव कोपंल. तू विचार. ज्यानं उत्तर दिलं, त्याचं ऐक. जो रागावला, तिथून लेकरू उचल आन् नीघ.”

खिडकीतून नाव पुकारलं गेलं. बाई पोराला घेऊन उठली, दोन पावलं गेली आणि परत वळली.

“अन् पाणी?” तिनं विचारलं. “दिवसातून किती पाजायचं?”